उत्क्रांतिवाद, ‘इंटेलिजंट डिझाइन’ आणि कॅथलिक धर्मसभा : निषेधसूचीपासून डोव्हर खटल्यापर्यंत

प्रस्तावना

ख्रिस्ती धर्म आणि उत्क्रांतिवाद यांच्या संबंधांविषयी आपल्याकडे चर्चा होते तेव्हा बहुधा एकच चित्र गृहीत धरलेले असते. एका बाजूला बायबलमधील सहा दिवसांची सृष्टिनिर्मिती, दुसऱ्या बाजूला डार्विन आणि दोहोंमध्ये न मिटणारे वैर. हे चित्र मुख्यतः अमेरिकेतील प्रॉटेस्टंट मूलतत्त्ववादाच्या इतिहासातून, विशेषतः टेनेसी राज्यातील डेटन येथे १९२५ साली गाजलेल्या स्कोप्स खटल्यातून आलेले आहे. मराठीत ‘ख्रिस्ती’ या एकाच शब्दात सर्व पंथ सामावत असल्याने ते कॅथलिक धर्मसभेलाही नकळत लागू केले जाते. याच्या नेमके उलट सांगणाराही एक वर्ग आहे. रोमने डार्विनचा ग्रंथ कधीच निषिद्ध ठरवला नाही, सबब कॅथलिकांचा आणि उत्क्रांतिवादाचा झगडा नव्हताच, असे त्याचे म्हणणे. ही दोन्ही विधाने कागदपत्रांच्या कसोटीवर टिकत नाहीत.

२००५ साली अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात, डोव्हर येथील शाळांत ‘इंटेलिजंट डिझाइन’ या मताचा उल्लेख करावा की नाही, यावर संघराज्य न्यायालयात खटला चालला. उत्क्रांतिवादाच्या बाजूने पहिली साक्ष देणारे जीवशास्त्रज्ञ केनेथ मिलर हे श्रद्धावान कॅथलिक, त्याच बाजूचे धर्मशास्त्रज्ञ जॉन हॉट कॅथलिक आणि शाळा मंडळाच्या बाजूचे प्रमुख साक्षीदार, जीवरसायनशास्त्रज्ञ मायकेल बीही हेही कॅथलिक. एकाच धर्मसभेचे तीन अभ्यासक परस्परविरोधी साक्षी देतात आणि तिघांपैकी कोणालाही धर्मसभा बोलावून जाब विचारत नाही, ही स्थिती १८९५ साली अकल्पनीय होती. ती कशी आली, याचा शोध प्रस्तुत लेखात घेतला आहे.

निषेधाची मूक पद्धत

डार्विनचा ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ १८५९ साली प्रसिद्ध झाला. तो निषिद्ध ग्रंथांच्या सूचीत कधीच आला नाही, हे खरे आहे. त्याच्या आजोबांचा, इरॅस्मस डार्विनचा, ‘झूनोमिया’ मात्र १८१७ साली त्या सूचीत दाखल झालेला होता. १८६० साली जर्मनीतील कोलोन येथे भरलेल्या प्रांतिक धर्मपरिषदेने मानवी शरीर अपूर्ण निसर्गातून आपोआप, क्रमाक्रमाने उत्पन्न झाले हे मत पवित्र शास्त्राच्या विरुद्ध असल्याचे घोषित केले. परंतु ती एका प्रांताची परिषद होती. १८६९-७० च्या पहिल्या व्हॅटिकन परिषदेने श्रद्धा आणि विवेक यांच्यात खरा विरोध असू शकत नाही, असे सूत्र मांडले, मात्र उत्क्रांतीवर थेट निर्णय दिला नाही. म्हणजे वरून मौन होते. खाली काय चालले होते, हे फार काळ कोणालाच नीट ठाऊक नव्हते.

या मौनाचा लाभ प्रथम सेंट जॉर्ज मिव्हर्ट या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञास झाला. मिव्हर्टने १८४४ साली कॅथलिक पंथ स्वीकारला होता. १८७१ साली त्याने ‘ऑन द जेनेसिस ऑफ स्पीशीज’ हा ग्रंथ लिहिला. जाती बदलतात हे त्यास मान्य होते, पण केवळ नैसर्गिक निवडीने हे साधते, हे अमान्य होते. अर्धवट बनलेला अवयव प्राण्याच्या कोणत्या उपयोगाचा, हा त्याचा आक्षेप इतका नेमका होता की, डार्विनने १८७२ च्या सहाव्या आवृत्तीत त्यास उत्तर देण्यासाठी जवळजवळ एक स्वतंत्र प्रकरण खर्ची घातले. मानवाचे शरीर उत्क्रांतीने घडलेले असू शकते, आत्मा मात्र ईश्वर थेट निर्माण करतो, ही मिव्हर्टची तडजोड पुढील शंभर वर्षांच्या कॅथलिक विचाराचा साचा ठरली. पोप नववे पायस यांनी १८७६ साली त्यास तत्त्वज्ञानातील डॉक्टर ही सन्माननीय पदवी दिली. १९०० साली मिव्हर्ट धर्मबहिष्कृत झाला हे खरे, पण त्यास उत्क्रांतिवाद कारणीभूत नव्हता. नरकातील स्थितीविषयीचे त्याचे लेख निषिद्ध ठरले होते आणि पुढे कार्डिनल व्हॉन यांनी पुढे ठेवलेल्या श्रद्धापत्रावर सही करण्यास त्याने नकार दिला होता. ही दोन प्रकरणे एकत्र मिसळून ‘उत्क्रांतिवादी म्हणून बहिष्कृत’ असे लिहिले जाते, ते चुकीचे आहे.

मिव्हर्टनंतरच्यांचे नशीब तितके चांगले नव्हते. रोममधील श्रद्धाविषयक मंडळाचे अभिलेखागार १९९८ साली संशोधकांना खुले झाले. मारियानो आर्टिगास, थॉमस ग्लिक आणि राफाएल मार्टिनेझ यांनी तेथील कागदपत्रांच्या आधारे १८७७ ते १९०२ या कालखंडातील प्रकरणांचा अभ्यास २००६ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला आणि या विषयाचे चित्रच पालटले. इटालियन धर्मगुरू राफाएल्लो काव्हेर्नी याचा १८७७ चा ग्रंथ १८७८ साली सूचीत गेला. त्याच्या शीर्षकात उत्क्रांतीचा उल्लेख नव्हता आणि निषेधाच्या हुकुमात कारण सांगण्याची प्रथा नव्हती. परिणामी, उत्क्रांतीच्या प्रश्नावर एका ग्रंथाचा निषेध झाला, हे जगाला कळलेच नाही. निषेधाचे मुख्य प्रयोजन इतरांना सावध करणे असते. येथे ते साधलेच नाही!

दालमास लरुआ या फ्रेंच डॉमिनिकन धर्मगुरूचे प्रकरण अधिक बोलके आहे. त्याचा ग्रंथ १८९१ साली आला. त्यात मिव्हर्टचीच भूमिका सावध शब्दांत होती. रोममध्ये तक्रार गेली, परीक्षकांचे अहवाल झाले, ते परस्परांशी जुळले नाहीत. अखेर १८९५ साली लरुआने पॅरिसच्या ‘ल मोंद’ या वृत्तपत्रातून आपले मत मागे घेतले. (आजचे त्याच नावाचे वृत्तपत्र निराळे, ते १९४४ चे.) ग्रंथ सूचीत घातला नाही, लेखकाने स्वतःहून माघार घेतली असे दिसावे, अशी व्यवस्था झाली. पुढे त्याने सुधारित आवृत्ती काढण्याची परवानगी मागितली, तीही नाकारली गेली. अमेरिकेतील नोत्र दाम विद्यापीठाचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक फादर जॉन झाम यांच्या ‘इव्होल्यूशन अँड डॉग्मा’ या १८९६ च्या ग्रंथाचेही तसेच झाले. १८९८ साली सूची-मंडळाने निषेधाचा निर्णय घेतला, परंतु तो प्रसिद्ध केला नाही. झाम यांनी ग्रंथाचे वितरण थांबवावे, अशी सूचना वरिष्ठांमार्फत झाली. क्रेमोनाचे बिशप बोनोमेल्ली यांनी झाम यांच्या मताला अनुकूल मजकूर छापला होता, त्यांनीही त्याच वर्षी माघारीचे पत्र लिहिले.

या घटनांचा अर्थ लावताना दोन टोके टाळावी लागतात. गॅलिलिओ प्रकरणाची आठवण ताजी असल्याने रोमने जाहीर निषेध टाळला, हे अनुमान सयुक्तिक वाटते. पण जाहीर निषेध नाही म्हणून स्वातंत्र्य होते, असे म्हणणे ही लरुआ आणि झाम यांच्या अनुभवाची थट्टा ठरेल. प्रस्तुत लेखकास तर असे वाटते की, जाहीर निषेधापेक्षा ही पद्धत अभ्यासकास अधिक जाचक होती. जाहीर निर्णयावर निदान वाद घालता येतो, त्यातील शब्दांचा अर्थ लावता येतो. न छापलेल्या निर्णयाशी झगडायचे कसे? झाम यांनी उत्क्रांतीवर पुन्हा ग्रंथ लिहिला नाही.

बंद दार किलकिले

विसाव्या शतकाच्या प्रारंभीचा काळ थोडक्यात सांगता येईल. १९०९ साली बायबलविषयक आयोगाने उत्पत्तीच्या पहिल्या तीन अध्यायांसंबंधी उत्तरे दिली. मानवाची ‘विशेष निर्मिती’ कायम ठेवली, पण ‘दिवस’ या शब्दाचा अर्थ दीर्घ कालखंड असा घेण्यास मुभा दिली. सहा दिवसांचा अक्षरशः अर्थ हा कॅथलिकांच्या दृष्टीने फारसा कळीचा मुद्दा नव्हताच, हे यावरून स्पष्ट होते. संत ऑगस्टीनने पाचव्या शतकातच त्या अध्यायांचा शब्दशः अर्थ लावण्यातील अडचणी दाखवल्या होत्या आणि सृष्टीत ईश्वराने बीजरूप शक्ती पेरल्या व त्या काळाच्या ओघात प्रकटल्या, असे म्हटले होते. भांडण पृथ्वीच्या वयाचे नव्हते, ते आदामाचे होते.

तेयार द शार्दँ हे जेझुइट पुराजीवशास्त्रज्ञ या काळाचे सर्वांत ठळक बळी होत. मूळ पापाविषयी त्यांनी लिहिलेले एक खाजगी टिपण रोमला पोचले आणि १९२० च्या दशकात त्यांना पॅरिसमधील अध्यापन सोडावे लागले. ते चीनला गेले. तेथे पेकिंग मानवाच्या अवशेषांवरील संशोधनात त्यांचा सहभाग राहिला. ज्या माणसाने आदामाविषयी लिहिले म्हणून त्याला दूर पाठवले, त्याच्याच हाती आदिमानवाच्या कवट्या याव्यात, हा इतिहासाचा विनोद म्हणावा लागेल. त्यांचा मुख्य ग्रंथ वरिष्ठांच्या परवानगीअभावी हयातीत छापला गेला नाही; १९५५ साली त्यांचे निधन झाल्यावरच तो आला. १९६२ साली धर्मपीठाने त्यांच्या लेखनाविषयी सावधगिरीची सूचना काढली. तोही निषेध नव्हे, इशारा.

तत्पूर्वी १२ ऑगस्ट १९५० रोजी पोप बारावे पायस यांचे ‘हुमानी जेनेरिस’ हे परिपत्र निघाले होते. मानवी शरीर पूर्वीच्या सजीव द्रव्यातून उत्पन्न झाले काय, या प्रश्नावर तज्ज्ञांनी संशोधन व चर्चा करण्यास धर्मसभेची मनाई नाही, असे त्यात प्रथमच पोपच्या अधिकाराने सांगितले गेले. आत्मा मात्र ईश्वर प्रत्यक्ष निर्माण करतो, हे कॅथलिकांनी मानलेच पाहिजे. मिव्हर्टची १८७१ ची तडजोड ती हीच. पण त्याच परिपत्रात पुढे एक दार घट्ट लावले गेले. सर्व मानव एकाच आदामापासून न होता अनेक आदिमानवांपासून झाले, हे मत मूळ पापाच्या शिकवणीशी कसे जुळवायचे हे दिसत नाही, म्हणून ते स्वीकारण्याचे स्वातंत्र्य श्रद्धावंतांना नाही, असे पायस यांनी बजावले.

२२ ऑक्टोबर १९९६ रोजी पोप दुसरे जॉन पॉल यांनी पोपच्या विज्ञान अकादमीला संदेश पाठवला. (या अकादमीचे सदस्यत्व धर्मावर अवलंबून नसते, भारताचे चंद्रशेखर वेंकट रामन आणि सी. एन. आर. राव तिचे सदस्य झालेले आहेत.) ‘हुमानी जेनेरिस’ नंतरच्या जवळजवळ अर्धशतकातील ज्ञानामुळे उत्क्रांतीचा सिद्धांत हा केवळ गृहीतकाहून अधिक काही आहे, हे मान्य करावे लागते, असा त्याचा आशय होता. स्वतंत्र शाखांतील संशोधनाचे निष्कर्ष कोणी न जुळवता जुळून येतात, हाच सिद्धांताच्या बाजूचा मोठा पुरावा, हे त्यातील निरीक्षण विज्ञानाच्या पद्धतीची चांगली जाण दाखवते. मूळ संदेश फ्रेंचमध्ये होता. व्हॅटिकनच्या मुखपत्राच्या इंग्रजी आवृत्तीत ‘गृहीतकाहून अधिक’ याऐवजी ‘एकापेक्षा अधिक गृहीतके’ असे भाषांतर छापले गेले व नंतर दुरुस्त करावे लागले. एका शब्दाच्या चुकीने पोपची कबुली नाहीशी होऊन त्याजागी शास्त्रज्ञांतील मतभेद येऊन बसले, आणि उत्क्रांतीच्या विरोधकांनी त्याचा लाभ घेतला. भाषांतराला दुय्यम काम समजणाऱ्यांनी हे उदाहरण ध्यानात ठेवावे.

डोव्हर आणि व्हिएन्ना

‘इंटेलिजंट डिझाइन’ ही चळवळ १९९० च्या दशकात अमेरिकेत आकाराला आली. सिअ‍ॅटल येथील डिस्कव्हरी इन्स्टिट्यूट हे तिचे केंद्र. तिचे प्रणेते फिलिप जॉन्सन हे कायद्याचे प्राध्यापक आणि प्रॉटेस्टंट होते. मायकेल बीही यांचा ‘डार्विन्स ब्लॅक बॉक्स’ हा ग्रंथ १९९६ साली, म्हणजे पोपच्या संदेशाच्याच वर्षी आला. बीही पृथ्वीचे प्राचीनत्व मानतात, सर्व सजीवांचा समान पूर्वज असणेही मानतात. त्यांचा आक्षेप वेगळा आहे. जिवाणूच्या शेपटीसारख्या काही रचनांतील एकही भाग काढला तर सारी रचना निकामी होते. उंदराच्या सापळ्याचा एक भाग काढला तर उंदीर सापडत नाही, तसे. अशी रचना पायरीपायरीने घडू शकत नाही, म्हणून तिच्यामागे बुद्धिमान रचनाकार असला पाहिजे. मिव्हर्टचा ‘अर्धवट अवयवा’चा आक्षेपच येथे रेणूंच्या पातळीवर अवतरला आहे, हे वाचकांच्या लक्षात आले असेल.

डोव्हरच्या शाळा मंडळाने ऑक्टोबर २००४ मध्ये या मताला वर्गात स्थान देण्याचा ठराव केला. अकरा पालक न्यायालयात गेले. मंडळाची बाजू विनामूल्य लढवली ती थॉमस मोअर लॉ सेंटरने, आणि ही संस्था कॅथलिक उद्योगपती टॉम मोनाहन यांच्या पुढाकाराने स्थापन झालेली. सप्टेंबर २००५ अखेरीस सुनावणी सुरू झाली. मिलर यांनी जिवाणूच्या शेपटीतील प्रथिनांचा एक गट अन्यत्र, निराळ्या कामासाठी वापरात असतो, हे दाखवले. सारी रचना नसली तरी तिचा अंश निकामी नसतो, हा त्याचा अर्थ. रोगप्रतिकार यंत्रणेच्या उत्क्रांतीचे स्पष्टीकरण विज्ञानाकडे नाही, असा बीही यांचा दावा होता. उलटतपासणीत त्यांच्यापुढे त्या विषयावरील ५८ शोधलेख आणि अनेक पुस्तके मांडण्यात आली. वैज्ञानिक सिद्धांताची आपली व्याख्या लावल्यास फलज्योतिषही त्यात बसेल, हेही त्यांना मान्य करावे लागले. २० डिसेंबर २००५ रोजी न्यायाधीश जॉन जोन्स यांनी १३९ पृष्ठांचा निकाल दिला. ‘इंटेलिजंट डिझाइन’ हे विज्ञान नाही आणि सरकारी शाळेत त्याची शिकवण राज्यघटनेच्या विरुद्ध आहे. शाळा मंडळाच्या ज्या आठ सदस्यांच्या जागांसाठी नोव्हेंबरमध्ये निवडणूक झाली, ते आठही निकालापूर्वीच पराभूत झाले होते.

या खटल्याच्या तोंडावर, ७ जुलै २००५ रोजी, ‘न्यू यॉर्क टाइम्स’मध्ये व्हिएन्नाचे आर्चबिशप कार्डिनल क्रिस्टोफ शोनबोर्न यांचा लेख आला होता. शोनबोर्न हे कोणी सामान्य धर्माधिकारी नव्हेत. १९९२ च्या अधिकृत कॅथलिक धर्मशिक्षा-ग्रंथाच्या संपादनाचे सचिवपद त्यांनी सांभाळले होते. समान पूर्वजाची कल्पना खरी असू शकेल, परंतु दिशाहीन, योजनाहीन बदल आणि निवड या अर्थाचा नव-डार्विनवाद खरा नाही, आणि १९९६ चा संदेश मोघम व फारसा महत्त्वाचा नाही, असा त्यांचा रोख होता. लेख लिहिण्यास डिस्कव्हरी इन्स्टिट्यूटच्या उपाध्यक्षांनी उत्तेजन दिल्याचे आणि तो त्या संस्थेच्या जनसंपर्क प्रतिनिधींमार्फत वृत्तपत्राकडे गेल्याचे दोनच दिवसांत उघड झाले. मिलर यांच्यासह तीन शास्त्रज्ञांनी नवे पोप सोळावे बेनेडिक्ट यांना खुले पत्र लिहिले. व्हॅटिकन वेधशाळेचे संचालक जेझुइट फादर जॉर्ज कॉइन यांनी ‘द टॅब्लेट’ या कॅथलिक साप्ताहिकात कार्डिनलचे जाहीर खंडन केले. एका धर्मगुरूने कार्डिनलला छापील उत्तर द्यावे आणि त्यावर माघारीचे पत्र लिहून घेतले जाऊ नये, येथे लरुआपासूनचे अंतर मोजता येते. जानेवारी २००६ मध्ये व्हॅटिकनच्या मुखपत्रातच बोलोन्याचे मानवशास्त्रज्ञ व धर्मगुरू फिओरेंझो फाकिनी यांनी ‘इंटेलिजंट डिझाइन’ विज्ञान नसल्याचे लिहिले.

शोनबोर्न यांची अडचण मात्र खोटी नव्हती. ज्याक मोनो यांच्या १९७० च्या ग्रंथापासून अनेक जीवशास्त्रज्ञांनी ‘यादृच्छिक’ या शब्दावरून थेट विश्व निरर्थक असल्याचा निष्कर्ष काढला होता. जनुकीय बदल प्राण्याच्या गरजेनुसार होत नाहीत, एवढेच विज्ञान म्हणते. विश्वाला हेतू नाही, हे तत्त्वज्ञान झाले. शोनबोर्न यांनी या दुसऱ्या विधानाला विरोध करताना पहिल्यालाही झोडपले. पुढील वर्षांतील व्याख्यानांत त्यांनी ही सीमारेषा बरीच काळजीपूर्वक आखली.

थॉमसचा जहाजबांधणीदार

हॉट यांनी न्यायालयात सांगितले की, सृष्टीतील रचनेवरून रचनाकाराकडे जाणारा युक्तिवाद नवा नाही, तो तेराव्या शतकातील थॉमस अक्वायनसपर्यंत मागे जातो. म्हणून तो धर्मशास्त्र आहे, विज्ञान नव्हे. खटल्यापुरते हे पुरेसे होते, निकालातही ते उतरले. परंतु विचारांच्या इतिहासाच्या दृष्टीने येथे दोन निराळ्या गोष्टी एकत्र आल्या. बीही यांचा खरा पूर्वज थॉमस नसून १८०२ साली घड्याळाचा दृष्टांत देणारा अँग्लिकन धर्मगुरू विल्यम पेली हा आहे. घड्याळाचे भाग स्वतःहून जुळत नाहीत, बाहेरून कारागीर ते जुळवतो. थॉमसने निसर्गाची व्याख्या करताना दिलेले उदाहरण याच्या उलट आहे. जहाज बांधणाऱ्याला जर लाकडांनाच अशी शक्ती देता आली असती की ती आपणहून हलून जहाजाचा आकार घेतील, तर निसर्ग म्हणजे काय ते कळले असते, असे तो सांगतो. ईश्वर हा आद्य कारण आणि निसर्गातील शक्ती ही खरीखुरी दुय्यम कारणे. ईश्वर दुय्यम कारणांच्या फटीत हात घालत नाही. या परंपरेत वाढलेल्या धर्मशास्त्रज्ञाला ‘येथे विज्ञानाला उत्तर सापडत नाही, म्हणून येथे ईश्वर’ हा युक्तिवाद ईश्वराला कारागीर बनवणारा, म्हणजेच कमीपणा आणणारा वाटतो. शिवाय विज्ञानाने ती फट बुजवली की त्या ईश्वराला तेथून निघावे लागते. रोमने ‘इंटेलिजंट डिझाइन’ला आश्रय दिला नाही, याचे मूळ आधुनिकतेच्या प्रभावापेक्षा या जुन्या परंपरेत अधिक आहे, असे माझे मत आहे. मार्च २००९ मध्ये रोमच्या ग्रेगोरियन विद्यापीठात उत्क्रांतीवर परिषद भरली, तेव्हा या मताला वैज्ञानिक भूमिका म्हणून स्थान न देता सांस्कृतिक इतिहासाचा विषय म्हणूनच घेतले गेले.

ऑक्टोबर २०१४ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी त्याच विज्ञान अकादमीपुढे, ईश्वर म्हणजे हातात कांडी घेतलेला जादूगार नव्हे, असे सांगितले तेव्हा जगभरच्या वृत्तपत्रांनी त्यास क्रांतिकारक ठरवले. क्रांतिकारक त्यात काही नव्हते. खरा अनिर्णित प्रश्न १९५० सालीच लावलेल्या दारामागे आहे. आजचे जनुकशास्त्र मानववंशाचा माग घेत मागे जाते तेव्हा ते एका जोडप्यापाशी पोचत नाही, काही हजारांच्या लोकसमूहापाशी पोचते. पायस यांनी नाकारलेले मत ते नेमके हेच. ‘हुमानी जेनेरिस’मधील तो परिच्छेद रद्द झालेला नाही. मात्र आंतरराष्ट्रीय धर्मशास्त्रीय आयोगाने, कार्डिनल रात्झिंगर म्हणजे पुढचे पोप बेनेडिक्ट अध्यक्ष असताना, २००४ साली प्रसिद्ध केलेल्या मानवाविषयीच्या दस्तऐवजात पहिल्या मानवांचा उल्लेख करताना एक कंस घातला आहे. ते मानव व्यक्ती म्हणून आले असोत की समूह म्हणून, एवढाच त्या कंसातील मजकूर. त्यावर कोणतेही भाष्य दस्तऐवजात नाही.